बापाच्या चेहऱ्याचा देव

मी नर्स आहे. नाशिकमधल्या एका खाजगी रुग्णालयात माझं अर्धं आयुष्य गेलं. पू, रक्त, कुजलेल्या जखमेतल्या अळ्या, म्हाताऱ्यांच्या छातीतला कफ, सगळं या हातांनी काढलंय. नव्या मुली तोंडाला रुमाल लावून वॉर्डाबाहेर पळतात, तेव्हा मीच त्यांना परत आणते आणि सांगते, की पेशंटच्या डोळ्यांकडे बघत काम कर, म्हणजे काही वाटत नाही. मला खरंच काही वाटत नाही. पण माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या वडिलांच्या हनुवटीवरून ओघळलेली भाताची पेज पुसायची वेळ आली की मला उमासे येत. पेजेची वाटी तशीच ठेवून मी बेसिनशी जाई आणि नळ सोडून उभी राही.

ती किळस पेजेची नव्हती. कुणाची होती हे सांगायला जरा मागे जावं लागेल.

आम्ही मराठी ख्रिस्ती. पप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि चर्चच्या कारभारी मंडळात पंच. मी एकुलती एक. पप्पांचा आवाज भारदस्त होता, मराठी शुद्ध. उपासना चालवणारे पाळकसाहेब बाहेरगावी गेले की प्रार्थनेला पप्पांनाच उभं करत. ते डोळे मिटून, मान किंचित वर करून, ‘हे कृपाळू पित्या’ अशी सुरुवात करत, आणि पुढच्या बाकांवरच्या बायका तेवढ्यानेच पदर डोळ्यांना लावत. उपासना सुटल्यावर माझ्या गालाला हात लावून त्या म्हणायच्या, की पोरी, असा बाप मिळायला भाग्य लागतं. मी मान हलवायची. लहान मुलीने दुसरं काय करायचं असतं?

घरात आमचं जेवण टेबलावर होई. रेक्झिन घातलेलं टेबल, पप्पा एका टोकाला, मी आणि आई समोरासमोर. रविवारी मटण. आई सगळ्यांची ताटं वाढायची आणि मग पप्पा प्रार्थना करत. हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले असायला हवेत, हा नियम. प्रार्थना लांबलचक असे. राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, चर्चच्या मंडळीतल्या एकेका घरासाठी. रस्सा गार होऊन त्यावर तुपाळ थर जमायचा, पण आमेन म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही.

एका रविवारी माझ्या नाकावर माशी बसली. हात सोडता येईनात, म्हणून मी एक डोळा उघडून तिच्यावर फुंकर घातली. तेव्हा मला दिसलं, की पप्पांचे डोळे उघडे आहेत. तोंडाने विधवा आणि अनाथ चालले होते आणि उजव्या हाताने ते आईच्या ताटातला नळीचा तुकडा उचलून स्वतःच्या ताटात ठेवत होते. मग त्यांचा हात माझ्या ताटाकडे आला. कलेजीचा एकच तुकडा होता, तोही गेला. आवाजात जराही फरक पडला नाही. बोटांना लागलेला रस्सा त्यांनी चाटला, तो ‘तुझ्या पुत्राच्या नावाने’ म्हणायच्या आधीच्या श्वासात. मी डोळा मिटून घेतला. तोपर्यंत मला वाटायचं, की आई मला कलेजी वाढायचं विसरते.

पुढे मी दर रविवारी बघू लागले. दर रविवारी तेच. आईला हे ठाऊक होतं का, मला माहीत नाही. मी तिला विचारलं नाही आणि तिने कधी डोळे उघडले नाहीत. जेवताना पप्पा हाडं चोखून चावून झाली की ती आईच्या ताटात टाकत. ‘तिला चघळायला आवडतात,’ असं पाहुण्यांना हसून सांगत. पाहुणेही हसत. आई ती हाडं भाताखाली सारायची. पप्पांच्या दातांच्या खुणा असलेली, लाळेने चकाकणारी ती हाडं मला आजही दिसतात, आणि मी आजही हाडाचं मटण आणत नाही.

दुधाची गोष्ट त्यानंतरची. मी सातवीत असेन. मला दुधावरची साय सहन होत नसे. आई गुपचूप गाळून द्यायची. एका सकाळी पप्पांनी ते पाहिलं. त्यांनी आईच्या हातातली गाळणी काढून घेतली, साय परत कपात सोडली आणि कप माझ्यापुढे ठेवला. मी डोळे मिटून एक घोट घेतला. साय जिभेला चिकटली, घशाशी लोंबली, आणि पोटातलं सगळं त्या कपातच उलटून पडलं.

पप्पा रागावले नाहीत. ते कधीच आवाज चढवत नसत. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसले आणि शांतपणे म्हणाले, ‘देवाने दिलेलं देवाच्या तोंडावर फेकायचं नसतं. पी.’

मी आईकडे पाहिलं. ती शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. पदर तोंडात कोंबलेला मागूनही कळत होता. मी प्यायले. सगळं प्यायले. पीत असताना पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली, की हे पित्या, माझ्या या लेकराला नम्रता शिकव. त्यांचा तळवा गरम होता. प्रार्थना संपल्यावर त्यांनी माझं तोंड स्वतःच्या रुमालाने पुसलं आणि ऑफिसला गेले.

त्या दिवसापासून प्रार्थनेत ‘पिता’ हा शब्द आला की माझ्या तोंडाला तीच आंबूस चव येऊ लागली. हे मी सजवून सांगत नाही. चर्चमध्ये सगळे एका सुरात प्रभूची प्रार्थना म्हणत, तेव्हा मी पहिल्या ओळीला ओठ नुसते हलवायची आणि दुसऱ्या ओळीपासून आवाज लावायची. संडेस्कूलमधल्या बाई सांगायच्या, की देवबाप कसा आहे हे कळायला आपल्या वडिलांकडे पाहा. मी पाहतच होते. मला स्वर्गात एक टेबल दिसायचं. त्याच्या टोकाला बसलेला देव सगळ्यांना डोळे मिटायला सांगतो आणि स्वतःचे उघडे ठेवतो.

पुढल्या शुभशुक्रवारी भर दुपारच्या उकाड्यात, पंखे नसलेल्या चर्चमध्ये तीन तासांची उपासना होती. बाहेरून आलेले एक पाळक, येशूला धरून नेण्याआधीच्या बागेतल्या रात्रीवर बोलत होते. येशूने बापाला विनवलं, की हा प्याला माझ्यापुढून दूर कर, आणि तरी त्याला तो प्यावा लागला. पाळक म्हणाले, की यात बापाची अगाध प्रीती दिसते. माझ्या शेजारी पप्पा मान डोलवत होते. मला मात्र येशूचा चेहरा दिसत होता, प्याला तोंडाशी धरलेला.  मला वाटलं, यालाही पाजलं. त्या दुपारी मला देवाची शिसारी आली आणि येशूची माया आली. ही दोन्ही एकाच वेळी आली आणि अजून तशीच आहेत. कुणी धर्मशास्त्र शिकलेल्याने हे ऐकलं, तर कपाळाला हात लावील. पण तेव्हापासून मी बोलले ती त्याच्याशीच. त्याला मूलबाळ नव्हतं. तो कुणाचा बाप नव्हता. म्हणून मला त्याची भीती वाटली नाही.

माझं लग्न पेठकडच्या मुलाशी झालं. तो नाशिकमध्ये शाळेत शिक्षक होता, नर्सिंग करत असताना ओळख झाली. पप्पांना स्थळ पसंत नव्हतं. डोंगरातले लोक, कालपरवा ख्रिस्ती झालेले, नागलीची भाकरी खाणारे, असं ते आईला म्हणाले, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी पहिल्यांदा त्यांच्या मनाविरुद्ध काही केलं असेल तर ते हे लग्न. त्यांनी लग्नात प्रार्थना केली, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

माझे सासरे भात आणि नागली पिकवायचे आणि पिकं निघाली की दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांत मजुरीला जायचे. त्यांना कुणी संत समजू नये. चर्चमध्ये ते प्रवचन सुरू होताच झोपत, तंबाखू खात, गीताचे शब्द चुकवत आणि सुनांनी भांडी घासलेली बघत बसत. सासूला ते मदत करताहेत, असं मी एकदाही पाहिलं नाही. मी त्यांच्याकडे विशेष लक्ष दिलं नव्हतं, ते एका नाताळानंतर दिलं.

माझी मुलगी तेव्हा चारेक वर्षांची होती. नाताळ करून आम्ही पेठहून एसटीने परत येत होतो. नवऱ्याला शाळेमुळे आधी यावं लागलं होतं, म्हणून सासरे सोबत आले. घाटाची वळणं सुरू झाली आणि मुलगी पांढरी पडली. मी पर्समध्ये पिशवी शोधत होते. तेवढ्यात सासऱ्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून तिच्या तोंडाखाली धरली, आणि तिने त्यात ओकारी केली. सकाळचा चहा, करंजी, सगळं. ओंजळ भरली, थोडं मनगटावरून बाहीत गेलं. ते हलले नाहीत. ‘काढ, काढ सगळं,’ म्हणाले. मग खिडकीबाहेर हात झटकले, डोक्याचा टॉवेल सोडून आधी तिचं तोंड पुसलं आणि मग स्वतःचे हात.

‘झालं ना? आता बरं वाटंल,’ एवढंच ते बोलले. मुलगी त्यांच्या त्याच ओल्या, वास मारणाऱ्या सदऱ्यावर डोकं ठेवून झोपली, आणि थोड्या वेळाने तेही घोरू लागले.

मी अशी कामं रोज करते. पगार घेऊन करते. त्यामुळे त्या कृतीचं मला नवल वाटायचं कारण नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा गहिवरूनही आलं नाही. मला संताप आला. नाशिकपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले आणि दात आवळून एकच विचार करत राहिले, की हे इतकं सोपं होतं. एका माणसाला दोन हात पुढे करायला काहीच लागलं नाही. मग माझ्या घरात ते का झालं नाही? त्यानंतर मी पप्पांना नमस्कार करायला वाकत असे, तेव्हा त्यांच्या हातांकडे बघणंही टाळू लागले.

बऱ्याच वर्षांनी आई गेली. जशी जगली तशीच गेली, पदराने तोंड झाकून, रात्री कुणाला उठवायला लागू नये म्हणून. पप्पांचं एकट्याने करणं शक्य नव्हतं आणि मी एकुलती एक. ते पेठ रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. वर्षभरातच त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, गिळणं अवघड झालं. सगळं पातळ करून, थोडं थोडं भरवावं लागे.

भरवण्याआधी प्रार्थना व्हायलाच हवी, हा त्यांचा हट्ट होता. अर्धं तोंड वाकडं, शब्द ओळखू येत नाहीत, लाळ गळतेय, पण प्रार्थना पहिल्याइतकीच लांब. मी मध्येच चमचा पुढे केला, तर धडधाकट डाव्या हाताने ते माझ्या मनगटावर फटका मारत. मग घास गालात साठवून ठेवत आणि मनात आलं की माझ्या अंगावर थुंकत. डॉक्टर म्हणाले, की गिळता येत नाही म्हणून होतं. काही वेळा ते खरंही असेल. पण मी पेशंट ओळखते. गिळता न येणाऱ्याचे डोळे घाबरलेले असतात. पप्पांचे डोळे माझ्याकडे बघत असायचे, पुढे मी काय करते ते.

एका दुपारी माझी मुलगी त्यांच्या खोलीत जेवायला बसली होती. ती कॉलेजात होती तेव्हा. आजोबांना सोबत म्हणून ती मुद्दाम तिथे बसायची, मी कधी सांगितलं नव्हतं. तिच्या ताटात उकडलेलं अंडं होतं. पप्पांनी बोट केलं. तिने बारीक तुकडा करून त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी तो बराच वेळ घोळवला, आणि मग पुढे वाकून तो चावलेला लगदा तिच्या ताटात, वरणभातावर सोडला. आणि हसले. वाकड्या तोंडाने हसले.

 मुलीने ताट जमिनीवर ठेवलं आणि म्हणाली, ‘मम्मी, मी बाहेर खाते.’ तिचा आवाज इतका बेताचा होता, की मला त्यात माझी आई ऐकू आली. 

मी मुलीला दुसरं ताट करून दिलं, ते ताट घासून टाकलं आणि पप्पांच्या खोलीत येऊन दार लावलं. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. मी विचारलं, की पप्पा, तुम्हाला दूध आठवतं का. मी ओकले होते ते. त्यांनी मान हलवली. आठवत होतं. मला वाटलं होतं, की विसरले असतील. मग निदान विसरले म्हणून सोडून देता आलं असतं.

ते सावकाश, एकेक शब्द तोंडातून ढकलत बोलले. ‘म्हणून तू नर्स झालीस. मी तुझी किळस मारली.’

डोळ्यांत अभिमान होता. आपण लेकीचं भलं केलं, हा चेहरा.

मी म्हणाले, ‘ती मेली नाही, पप्पा. जगातल्या सगळ्या माणसांवरून ती उठली आणि एकट्या तुमच्यावर येऊन बसली.’

त्यांना कळलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी डावा हात उचलला. तो आशीर्वादाला होता की मारायला, ते बघायला मी थांबले नाही. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, की आजपासून मी यांना भरवणार नाही. औषधं देईन, जखम होऊ नये म्हणून कूस बदलेन, ड्युटीवर करते ते सगळं करीन, पण चमचा धरणार नाही. नवऱ्याने का म्हणून विचारलं. मग मी त्याला पहिल्यांदा दूध, हाडं, कलेजी, सगळं सांगितलं. तो म्हणाला, की मी भरवतो. तो भरवू लागला. पप्पा त्याच्या अंगावर कधीच थुंकले नाहीत.

त्याच सुमारास आमचे नवे पाळक घरी आले. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, मनाने चांगला माणूस. जूनमधल्या पितृदिनाच्या उपासनेत मंडळी पप्पांचा शाल देऊन सन्मान करणार होती. मी पाच मिनिटं बोलावं, अशी त्यांची इच्छा होती. विषय त्यांनीच ठरवला होता, की वडिलांमधून मला देवबापाचं दर्शन कसं घडलं.

मी म्हणाले, ‘पाळकसाहेब, ते घडलं. म्हणूनच मी बोलणार नाही.’

त्यांना समजेना. मग मी त्यांनाही दुधाचं सांगितलं. ते चहा पीत होते. मी सांगत असताना त्यांनी कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. चहावर साय धरली होती. मग ते म्हणाले, की जुन्या काळची शिस्त कडक असायची, आईबापाचा मान राखणं ही आज्ञा आहे, आणि आता त्यांचं वयही झालंय, तर क्षमा करून मोकळं व्हावं. हे सगळं ते माझ्याकडे न बघता, टीपॉयकडे बघून बोलले. मी विचारलं, की क्षमा मी त्यांना करू, की त्यांच्यामुळे जसा दिसतो त्या देवाला करू. त्यावर ते म्हणाले, की यासाठी प्रार्थना करू या, आणि त्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. प्रार्थनेत त्यांनी किती वेळा ‘पित्या’ म्हटलं, आणि दर वेळी किती सहज म्हटलं, ते मी पाहत राहिले. याचे वडील भले असणार, असं मनात आलं. मला हेवा वाटला.

सन्मान झाला. व्हीलचेअर वेदीपुढे उभी केली, शाल घातली. एक ज्येष्ठ पंच बोलले, की या घरातल्या लेकीबाळींना देवाची ओळख करून घ्यायला पुस्तक उघडायची गरजच पडली नाही. टाळ्या वाजल्या. माझ्या मागच्या बाकावरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, की देव असाच असेल बघ, पांढऱ्या केसांचा. शालीवर पप्पांची लाळ गळत होती आणि ती कुणी पुसत नव्हतं, कारण फोटो चालू होते. शेवटी माझा नवरा उठला. मी बसून राहिले. माझी मुलगी माझा हात धरून होती आणि तिने टाळी वाजवली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं.

पावसाळ्यात सासरे डोळ्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीला आमच्याकडे येऊन गेले. व्हरांड्यात बसले होते, तेव्हा मी त्यांना विचारलं, की बाबा, तुम्ही प्रार्थनेला देवाला बाप म्हणता, तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं. मला वाटलं, त्यांचा बाप दिसत असेल, किंवा शेत, किंवा काहीतरी मोठं. 

‘डोळं मिटल्यावर काय दिसंल?’ म्हणाले. ‘अंधार.’

त्या वर्षी नाताळच्या आधी पप्पा गेले. छातीत कफ साठला, न्यूमोनिया झाला, माझ्याच रुग्णालयात गेले. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या नाकातोंडातलं सगळं मशीनने ओढून काढलं, अंग पुसलं, चादर बदलली. उमासा आला नाही. तोवर ते माझे एक पेशंट झाले होते. अंत्यविधीला पाळक म्हणाले, की ते आपल्या पित्याच्या घरी गेले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी मनात म्हटलं, की दोघं एकाच टेबलाला बसणार असतील, तर मला त्या घरी नको. कबरीवर मूठभर माती टाकताना माझ्या मनात एवढंच होतं, आणि ते खरं होतं, म्हणून लिहितेय.

दफनानंतर दगडाचा प्रश्न आला. मंडळीतल्या काहींनी सुचवलं, की ‘आदर्श पिता व प्रभूचा विश्वासू सेवक’ असं कोरावं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी कारागिराला सांगितलं, की नाव घाला आणि जन्ममृत्यू घाला. तो म्हणाला, की बाई, खाली एवढी जागा मोकळी राहील, वाईट दिसेल. मी म्हटलं, राहू द्या. एका पंचांनी नंतर मला गाठून सांगितलं, की लोक काय म्हणतील याचा विचार करायचा होतात. मी त्यांना सलाम करून निघून आले.

ऑपरेशन झाल्यावर सासरे महिनाभर आमच्याकडे राहिले. डोळ्यावर काळा चष्मा, हातात तंबाखूची डबी. एका सकाळी मी ड्युटीला निघायच्या तयारीत बेसिनशी गेले, तर पांढऱ्या बेसिनभर तंबाखूची पिचकारी. तपकिरी, दाट, काठावरून ओघळलेली. माझं डोकंच फिरलं. मी तशीच बाहेर गेले आणि त्यांना वाट्टेल ते बोलले. घर आहे की गोठा, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, घरात तरणी नात आहे, आजारी पडाल, कॅन्सर होईल, मी रोज बघते असली तोंडं. बोलता बोलता माझा आवाज चढला. जन्मात मी कुणा म्हाताऱ्या माणसावर ओरडले नव्हते. 

सासरे उठले. ‘चुकलं माझं, पोरी,’ म्हणाले. चाचपडत बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि हाताने घासून ते धुवायला लागले. काळ्या चष्म्यातून नीट दिसत नव्हतं म्हणून अर्धं तसंच राहिलं. मी उरलेलं ब्रशने काढलं. ते बाहेर जाऊन बसले आणि नातीशी टीव्हीबद्दल काहीतरी बोलू लागले. संध्याकाळी ते पुन्हा तंबाखू खाणार, हे मला माहीत होतं. खाल्लीच, पण गच्चीवर जाऊन.

त्या सकाळी मी मात्र बेसिनपाशीच उभी राहिले होते. बापाच्या वयाच्या माणसाला बोलता येतं आणि तो ऐकून घेतो, हे मला या वयात कळलं. मग मी नळ मोठा सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, आणि देवाला बोलायला सुरुवात केली. येशूला नाही, त्याच्या बापाला. कुठलंही संबोधन न लावता. आईचं बोलले, मुलीच्या ताटाचं बोलले, त्याच्या स्वतःच्या मुलाचंही बोलले. सगळं सांगितलं, जसं सासऱ्यांना सुनावलं त्याच भाषेत. तोंडाला नेहमीची चव आली आणि मी बोलतच राहिले.

 नवऱ्याने दाराबाहेरून विचारलं, की पाणी वाया का घालवतेस. मी नळ बंद केला, तोंड पुसलं आणि निघाले, कारण सकाळच्या ड्युटीला उशीर झाला होता.